अर्ध्या गोळ्या रायस्वाइकला

आई फेब्रुवारीत आमच्याकडे आली ती दोन सारख्या बॅगा घेऊन. एकीच्या मुठीला लाल दोरा, दुसरीच्या हिरवा. लाल ताईची, हिरवी माझी. दोन्हींत मेतकूट सारखं, लोणचं सारखं, भाजणीच्या पिशव्या सारख्या. डिंकाचे लाडूसुद्धा सारखे, आणि ते तर बाळंतिणीसाठी होते. बाळंतीण ताई होणार होती, मी नाही. "धाकटीला कमी दिलं असं नको," आई म्हणाली. मग काय, नेदरलँड्समधल्या रायस्वाइकच्या माझ्या छोट्या घरात, काहीही कारण नसताना, मी रोज सकाळी डिंकाचा लाडू खात होते.

आमच्या घरात वाटण्या अशाच होतात. बाबा समतेची पत्रकं छापत आणि आई समता वाढून देई. पुण्यात बाबांचा लहानसा छापखाना होता, जुनं ऑफसेट मशीन, मागे दोन खोल्यांत आम्ही. युनियनवाले, धरणग्रस्त, कंत्राटी सफाई कामगार, ज्यांचं कोणी छापत नसे त्यांचं बाबा छापत. मी अक्षरं त्या पत्रकांवर शिकले. 'निषेध' हा शब्द मला 'बदक'च्या आधी वाचता येत होता. सातवीत असताना शाळेनं सहलीला फक्त पुढच्या रांगेतल्या मुलींना नेलं, तर मी त्यावर एक पानी पत्रक लिहिलं आणि बाबांनी ते एकही काना-मात्रा न बदलता छापून दिलं. तेव्हापासून ताई मला पुढारीणबाई म्हणते.

तर आईनं त्याच न्यायानं स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्याही वाटल्या. ती काही दिवस माझ्याकडे, मग ताईच्या बाळंतपणाला ताईकडे, मग पुन्हा माझ्याकडे राहून मे महिन्यात परत जाणार होती. दोन घरी राहायचं, तर दोन्ही घरी आपलं औषध हवं. अर्ध्या गोळ्या लाल बॅगेत, अर्ध्या हिरव्या. मुली मोठ्या झाल्या, दोन वेगवेगळ्या देशांत राहू लागल्या, म्हणून तिनं आपली पद्धत बदलावी असं काही नव्हतं.

ताई बेल्जियममध्ये राहते, अँटवर्पच्या बाहेर, डच सीमेपासून फार लांब नाही. भावोजी, म्हणजे तिचा नवरा, तिथे बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम करतात. मी तेव्हा लायडनच्या सायन्स पार्कमधल्या एका छोट्या कंपनीत नोकरीला लागून वर्ष झालं होतं. आमच्या दोघींच्या मध्ये देशाची सीमा आहे हे आम्हाला माहीत होतं, पण आपल्या पोटात यकृत आहे हे माहीत असतं तसं. ट्रेनमध्ये फोनवर एक संदेश यायचा, अमुक देशात तुमचं स्वागत आहे, आणि मी तो न वाचता पुसून टाकायचे.

मार्चच्या सुरुवातीला मी आईला ताईकडे सोडून आले. हिरव्या बॅगेतल्या उरलेल्या गोळ्या हिरव्या बॅगेतच राहिल्या, कारण त्या 'इकडच्या' होत्या. बाळ झालं, मुलगी. आणि बाळाचं नाव ठरायच्या आत करोनामुळे बेल्जियमनं सीमा बंद केली. विमानं त्याआधीच थांबत आली होती. आई ताईकडे, तिच्या अर्ध्या गोळ्या माझ्याकडे, आणि बाबा पुण्यात एकटे, कुलूपबंद छापखान्यामागे.

पहिले काही आठवडे आम्हाला कोणालाच गोळ्या आठवल्या नाहीत. आईला आठवल्या होत्या, पण ती बोलली नाही. मग एप्रिलमध्ये एका दुपारी ताईचा फोन आला.

"आई गोळी मोडून खातेय."

"म्हणजे?"

"म्हणजे अर्धी. सुरीनं. ओट्यावर पांढरा चुरा दिसला म्हणून विचारलं, तर म्हणते पिठीसाखर आहे."

मागून आईचा आवाज आला. "अर्धी घेतली तर काही होत नाही. मला काय धाड भरलीय? तू बाळाचं बघ."

"सकाळी डोकं धरून बसली होती," ताई म्हणाली. "ह्यांनी मशीन आणून मोजलं. वरचा आकडा काय आला ते मी तुला सांगत नाही, तू लगेच पत्रक काढशील."

मी पत्रक काढलं नाही. मी हिरवी बॅग उघडून गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर मांडल्या आणि त्यांच्याकडे बघत बसले. आईच्या आईला अशाच रक्तदाबातून अर्धांगवायू झाला होता. ते आम्हा दोघींना ठाऊक होतं आणि आम्ही दोघीही ते फोनवर म्हणालो नाही.

सरळ उपाय म्हणजे तिकडच्या डॉक्टरकडून औषध घेणं. ताईनं ते केलं होतं. डॉक्टर चांगली होती, फोनवर बराच वेळ बोलली. पण आईची गोळी दोन औषधं एकत्र करून केलेली, आणि तशी एकत्र गोळी तिकडे मिळत नाही, असं ती म्हणाली. दोन वेगळ्या गोळ्या सुरू कराव्या लागतील, मात्रा नव्यानं बसवावी लागेल, त्यासाठी दोन-तीनदा तपासायला यावं लागेल, आणि सध्या दवाखान्यात खोकणारी माणसं भरली आहेत, तेव्हा घरात तान्हं बाळ असताना तुम्ही येऊच नका. हे सगळं बरोबर होतं. आई तर ऐकूनच घेईना. "आमच्या डॉक्टरांनी दोन वर्षं घालवून मात्रा बसवली आहे. ती या बाईनं फोनवर मोडायची?"

दुसरा उपाय पोस्ट. आमच्या सुपरमार्केटमधल्या पार्सल काउंटरवरच्या मुलीनं प्लास्टिकच्या पडद्याआडून विचारलं, आत काय आहे? मी खरं सांगितलं. औषधं देशाबाहेर पाठवायची असतील तर ती घेता येत नाहीत, ती म्हणाली. मी खोटं बोलले असते तर पार्सल गेलं असतं. पण मी ज्या घरात वाढले तिथे खरं बोलायचं आणि मग भांडायचं अशी सवय आहे. मी भांडले. मागच्या रांगेतली माणसं दीड मीटर अंतर राखून वैतागली.

तिसरा उपाय, मी स्वतः घेऊन जाणं. यासाठी मी बेल्जियमच्या मदतवाहिनीला फोन केला. पहिल्या दिवशी एका बाईनं सांगितलं, आजारी नातेवाइकाची काळजी घ्यायला येता येतं, पण ते नातेवाईक इथले रहिवासी हवेत. आई रहिवासी नव्हती. दुसऱ्या दिवशी एका माणसानं सांगितलं, येता येणार नाही, प्रवास अत्यावश्यक नाही. मी म्हटलं, कालच्या बाई वेगळं म्हणाल्या. तो म्हणाला, काल वेगळं होतं. तिसऱ्यांदा फोन लागला तेव्हा मला वाट बघायला लावून एक पियानोची धून ऐकवली आणि मग फोन बंद झाला.

आता माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगायला हवं, कारण तेव्हा मला स्वतःलाच ते नीट कळत नव्हतं.

मी युरोपियन युनियनला नेहमी व्यापाऱ्यांचा क्लब म्हणत आले. सीमा उघडल्या त्या मालासाठी, माणसं मालाच्या मागून आत शिरली, हे मी लिहिलं होतं, दोनदा. सीमा ही गोष्टच मला मान्य नव्हती. म्हणजे बेल्जियमवर चिडणं सोपं होतं. पण मी बेल्जियमवर चिडू शकत नव्हते, कारण बेल्जियम मला पटत होतं. तिथलं सरकार लोकांना घरात बसवत होतं, पोलीस दंड करत होते. इकडे डच सरकारनं आमच्या लॉकडाऊनला 'हुशार' लॉकडाऊन असं नाव दिलं होतं, म्हणजे लोक हुशार आहेत, त्यांना सांगितलं की पुरे. पार्कात लोक दीड मीटर अंतरावर बसून बियर पीत होते. मी, जिनं आयुष्यभर सरकारच्या दांडगाईविरुद्ध लिहिलं, मला वाटत होतं, अरे, करा ना थोडी दांडगाई. पुढच्याच क्षणी वाटत होतं, मी काय मागते आहे हे?

बाबांना फोन केला तर तिथे आणखी गोंधळ. बाबा आनंदात होते.

"बघ, मी म्हणत होतो ना. पहिला धक्का बसला की ज्यानं त्यानं आपापली कडी लावली. मास्क अडवून ठेवले एकमेकांचे. कुठली एकजूट?"

"बाबा, आई त्या कडीपलीकडे आहे."

"ते माहीत आहे मला," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "इथे मी सोसायटीच्या गेटवर बसतो सकाळी. बाहेरच्या कोणाला आत येऊ देत नाही. कमिटीनं शिट्टी दिली आहे."

"तुम्ही शिट्टी वाजवता?"

"एकदाच वाजवली."

ज्या माणसानं आयुष्यभर गेटच्या बाहेरून घोषणा दिल्या, तो आता गेटच्या आत शिट्टी घेऊन बसला होता. मी हसले, पण फोन ठेवल्यावर हसू टिकलं नाही.

त्या दिवसांत युरोपभर विखुरलेल्या आठ-दहा तरुण मुलामुलींचं आमचं एक ऑनलाइन मंडळ होतं. एकजण इटलीतल्या बोलोन्याचा, एक लाइपझिगची, एक पोर्टोची, असे. आम्ही एक जाहीरनामा लिहीत होतो. इटली आणि स्पेनमध्ये माणसं मरत होती, त्यांना सगळ्यांनी मिळून कर्ज काढून मदत करावी असा प्रस्ताव होता, आणि त्याला सगळ्यात ठाम नकार आमच्या डच सरकारचा होता. बोलोन्याचा मुलगा मला चिडून विचारायचा, तुमच्या देशाला लाज कशी वाटत नाही? मी म्हणायचे, माझा देश नाही तो. तो म्हणायचा, पगार तर तिथलाच खातेस. एका बैठकीत मी आईच्या गोळ्यांची गोष्ट सांगितली. सगळे हळहळले. लाइपझिगच्या मुलीनं लगेच सुचवलं, जाहीरनाम्यात औषधांच्या मुक्त संचारावर एक परिच्छेद हवा. त्याच्या शब्दांवर दोन संध्याकाळी गेल्या. मीही एक दुरुस्ती सुचवली आणि ती संमत झाली. गोळ्या माझ्या टेबलावरच होत्या.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक डच बाई राहायच्या, निवृत्त शिक्षिका. त्या दाराच्या चौकटीत खुर्ची टाकून बसत आणि मी जिन्याच्या पायरीवर, आणि आम्ही भांडत असू. ती माझी तेव्हाची एकमेव प्रत्यक्ष भेट. इटलीच्या प्रश्नावर त्या सरकारच्या बाजूनं होत्या.

"आम्ही चांगल्या दिवसांत पैसे बाजूला टाकले. त्यांनी नाही टाकले. आता म्हणतात, कर्ज सगळ्यांच्या नावावर. मी का?"

"कारण विषाणूनं कोणाला पेन्शन विचारून धरलं नाही."

"छान वाक्य आहे, लिहून ठेव. पण मी का?"

"कारण तुमचे ट्यूलिप आणि टोमॅटो तेच विकत घेतात."

"मी ट्यूलिप विकत नाही. मी फ्रेंच शिकवायचे."

अशा वादात मी नेहमी शेवटी हरत असे, कारण त्या हसायच्या आणि मी हसू शकत नसे. त्या दिवशी मात्र मी मध्येच थांबले आणि त्यांना गोळ्यांबद्दल सांगितलं. ताई, भावोजी आणि मी एक बेत केला होता. रविवारी मी ट्रेननं रोजेंडालपर्यंत जायचं, तिथून सायकलनं सीमेपर्यंत. तिकडून भावोजी गाडीनं येणार. सीमेवरच्या एका गावाबाहेर एक लहान रस्ता आहे, तो सिमेंटचे ठोकळे टाकून बंद केला आहे, तिथे लोक एकमेकांना सामान देतात असं भावोजींनी ऐकलं होतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तुझी सायकल मी पाहिली आहे. तिच्यावर तू सीमेपर्यंत काय, शेजारच्या डेल्फ्टपर्यंत पोचणार नाहीस. माझी ने."

त्यांची सायकल बॅटरीवर चालणारी होती, नवी, त्या तिला रोज फडक्यानं पुसत.

"पण तुम्ही तर म्हणता, प्रत्येकानं आपलं आपण बघावं."

"आई ती आई. ते वेगळं."

"वेगळं कसं?"

"आता वाद घालू नकोस. चार्जर घे. आणि पुढचा ब्रेक जरा कडक आहे."

रविवारी सकाळी त्यांनी दारात चीज घातलेला पाव ठेवला होता, कागदात बांधून. त्यावर मी बराच विचार केला. मला पटणाऱ्या माणसांनी मला परिच्छेद दिला होता, न पटणाऱ्या बाईंनी सायकल. यावरून काय सिद्ध होतं? काहीच सिद्ध होत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. इटलीला त्यांच्या सायकलचा काही उपयोग नव्हता. तरी ते मनातून जाईना.

ट्रेनच्या सायकलच्या डब्यात मी एकटीच होते. फक्त आवश्यक कामासाठीच प्रवास करा, असं डब्यातल्या स्पीकरवर सारखं सांगत होते, आणि प्रत्येक वेळी मी पाठीवरच्या सॅकला हात लावून बघत होते. रोजेंडालहून बाहेर पडले तर हवा स्वच्छ होती, शेतांत कोणी नव्हतं. काही अंतर रस्ता महामार्गाच्या बाजूनं जातो. महामार्गावर मोटारी नव्हत्या, पण ट्रक एकामागून एक चालले होते, बेल्जियमकडे. फुलांचे, भाज्यांचे, शीतपेट्यांचे. त्यांना कोणी अडवत नव्हतं. मला माझंच जुनं पत्रक आठवलं आणि बरोबर ठरल्याचं समाधान व्हायला हवं होतं. पण त्या ट्रकमधल्या टोमॅटोंवरच ताई आणि आई जेवत होत्या. ट्रक अडवा असं मी म्हणू शकत नव्हते. मीच आत्ता एखादी ढोबळी मिरची असते तर बरं झालं असतं, एवढंच मनात आलं.

लहान रस्ता नांगरलेल्या शेतांमधून गेला आणि एका जागी एकदम संपला. सिमेंटचे तीन ठोकळे आणि त्यांच्यामागे आडवा लोखंडी अडसर. पलीकडे तोच रस्ता, तीच झाडं. अलीकडे एक मध्यमवयीन माणूस इस्त्री केलेल्या कपड्यांची टोपली घेऊन उभा होता. पलीकडच्या त्याच्या आईनं ते कपडे धुऊन दिले होते आणि आता ती मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन परत निघाली होती. "पुढच्या रविवारी मोजे वेगळे बांध," ती त्याला सांगत होती.

मी सायकल उभी केली. थोड्या वेळानं भावोजींची गाडी आली. भावोजी उतरले, आणि मग दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि नाकातोंडाला स्कार्फ बांधलेली आई उतरली.

"हिला कशाला आणलंत?" मी ओरडून विचारलं, कारण मध्ये बरंच अंतर होतं.

"मी आणलं नाही," भावोजी म्हणाले. "त्या गाडीत येऊन बसल्या होत्या. मी खाली येईपर्यंत बेल्टही लावला होता."

"किती वाळलीस गं," आई म्हणाली. "लाडू खातेस का?"

"आई, तू आज गोळी घेतलीस?"

"काल रात्री संपल्या. आज आहेतच कुठे?"

मी पट्ट्यांची पिशवी मधल्या ठोकळ्यावर ठेवली आणि मागे सरकले. भावोजी पुढे यायला निघाले आणि तेवढ्यात त्यांच्या मागून पोलिसांची गाडी आली.  भावोजींना दंड झाला असता, ते तर होतंच. पण पोलिसांनी पिशवीच उचलून नेली तर? मी मनात भाषण तयार केलं. डच भाषेत, तीन मुद्दे.

पोलीस एकटाच होता, तरुण, मास्क हनुवटीखाली आलेला. त्यानं भावोजींना विचारलं, काय आहे पिशवीत? भावोजींनी सांगितलं, सासूबाईंची औषधं.

"मग मोठ्या रस्त्यानं का नाही आलात?" तो म्हणाला. "औषध द्यायला चालतं. तिथे आमची चौकी आहे, बघतात आणि सोडतात."

"तुमच्या मदतवाहिनीवर मला नाही सांगितलं," मी अलीकडून म्हणाले.

"ती आमची नाही, ती ब्रुसेल्सची, केंद्र सरकारची."

"पण नियम कोणाचा?"

"नियम ब्रुसेल्सचा. पण चौकीवर आम्ही असतो." त्यानं खांदे उडवले. "सकाळी एक कागद येतो, संध्याकाळी दुसरा. मलाही दर वेळी फोन करूनच कळतं. माझी बहीण तुमच्या बाजूला राहते. मी युनिफॉर्ममध्येसुद्धा तिच्याकडे जाऊ शकत नाही."

माझ्या भाषणाचे तीनही मुद्दे तसेच राहिले. ज्याच्यावर ते फेकायचे तोच समोर नव्हता. हे आठवडे, आईच्या गोळ्यांचा चुरा, डोकं धरून बसणं, आणि मोठा रस्ता उघडा होता. की त्या दिवशी उघडा होता आणि आदल्या दिवशी नव्हता? ते मला आजही सांगता येणार नाही.

मग त्यानं आईकडे बघून विचारलं, या कुठे राहतात? भावोजींनी खरं ते सांगितलं, पुण्यात राहतात, व्हिसा नेदरलँड्सचा काढला आहे, परतीचं विमानही तिथलंच होतं. पोलिसानं ठोकळ्यांच्या कडेला बघितलं.

"मग त्या तिकडे जाऊ शकतात," तो म्हणाला. "आत्तासुद्धा. इथून बाजूनं चालत. डच लोक अडवत नाहीत आणि मीही अडवणार नाही. पण परत यायचं म्हटलं तर ते मला सांगता येणार नाही."

मी आईला समजावून सांगितलं. आई ठोकळ्यांकडे बघत राहिली.

"म्हणजे जाता येतं, पण येता येत नाही?"

"हो."

"हा कसला रस्ता?"

आणि मग मी बोलायला लागले. मला थांबता येईना. विमानं सुरू झाली तर ती इकडूनच सुटतील. व्हिसा वाढवायचा तर इकडेच अर्ज करावा लागेल. इथे दंडाची भीती नाही. माझं घर दहा मिनिटांत तुझ्यासाठी तयार होईल. ताईकडे भावोजी आहेत, माझ्याकडे जागा आहे. मी क्रमानं सांगत होते, एक, दोन, तीन, अगदी बाबांनी शिकवल्यासारखं, सगळ्यात वजनदार मुद्दा शेवटी. फक्त शेवटचा मुद्दा काय होता ते मला येईना.

आईनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "बाळाला आंघोळ कोण घालणार?"

"ताई शिकेल."

"शिकेल. पण सव्वा महिना अजून झाला नाही. तिची कंबर अजून धरते." तिनं स्कार्फची गाठ सारखी केली. "तुला एकटं वाटतं का गं तिकडे?"

मी जन्मात कधी प्रश्नाला उत्तर द्यायला इतका वेळ लावला नसेल. हो म्हटलं असतं तर आई आली असती, मला ते नक्की माहीत होतं. तिनं त्या ठोकळ्याला वळसा घातला असता आणि बाळाची आंघोळ मनात घेऊन महिनोन्महिने माझ्या घरात बसली असती. नाही म्हटलं तर ते खोटं. मी म्हणाले, "खालच्या बाई आहेत ना. रोज भांडतो आम्ही."

"मग ठीक आहे," आई म्हणाली.

तिला खरंच तसं वाटलं की माझं उत्तर तिला कळलं, ते मी तेव्हाही ओळखू शकले नाही.

"गोळी आधी घे," मी म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर. पूर्ण."

भावोजींनी पिशवी उचलली, सॅनिटायझर मारला, पट्टीतून एक गोळी काढून दिली. पण पाणी कोणाकडेच नव्हतं. माझी बाटली माझ्या बाजूला आणि उष्टी. भावोजी गाडीत शोधायला लागले. तो पोलीस आपल्या गाडीकडे गेला, पाण्याची सीलबंद बाटली आणली, ठोकळ्यावर ठेवली आणि मागे जाऊन दुसरीकडे तोंड करून उभा राहिला, शेतात काहीतरी महत्त्वाचं चाललं असावं तसा.

आईनं स्कार्फ सोडला, गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली. मग बाटली पुसून परत द्यायला लागली, तर भावोजी म्हणाले, राहू दे, आई, ती आता आपलीच.

ते निघून गेले. पोलीस निघून गेला. मी चीजचा पाव तिथेच उभ्यानं खाल्ला. मग पाच-सहा किलोमीटर सायकल चालवल्यावर लक्षात आलं की आईच्या जवळ जायचं, निदान पुन्हा ठोकळ्यापर्यंत, ते राहूनच गेलं. दीड मीटरचा नियम तिथेही पाळता आला असता. मी त्याहून कितीतरी लांब उभी होते, आणि मला तसं कोणी सांगितलंही नव्हतं.

ट्रेनमध्ये वही काढली. कशाचा निषेध करायचा? सीमेचा? तिनंच कदाचित आईला विषाणूपासून वाचवलं होतं. बेल्जियमचा? मदतवाहिनीवरच्या त्या माणसाचा, जो म्हणाला की काल वेगळं होतं? डच सरकारचा, ज्यानं इटलीला नाही म्हटलं आणि आईला ये म्हटलं? एकजुटीचा नारा देणाऱ्या आम्हा आठ-दहा जणांचा? मी एकही ओळ लिहिली नाही. इतके दिवस राग हीच माझी विचार करायची पद्धत होती. तो राग अजून होता, भरपूर होता, फक्त त्याला कुठे जायचं ते कळत नव्हतं.

रॉटरडॅम गेल्यावर बाबांचा फोन आला. तिकडे संध्याकाळ होती. मी त्यांना सगळं सांगितलं, पोलीस, ब्रुसेल्सचा कागद, एका बाजूनं उघडा असलेला रस्ता. एरवी त्यांनी मध्येच थांबवून मला कारणमीमांसा दिली असती. भांडवल, राज्यसंस्था, दोन-तीन मुद्दे. मी वाट बघत होते. मला त्या दिवशी ते हवेच होते, कोणीतरी सांगायला हवं होतं की चूक कोणाची.

"आली नाही ना ती तुझ्याकडे?" बाबांनी विचारलं.

"नाही. सव्वा महिना झाला नाही म्हणाली."

"बरोबर आहे." मग म्हणाले, "गोळी घेतली?"

"घेतली. माझ्यासमोर."

"अर्धी की अख्खी?"

"अख्खी, बाबा."

"पाण्याबरोबर ना? नाहीतर ती कोरडीच गिळते."

"पाण्याबरोबर," मी म्हणाले, आणि पाण्याची बाटली कोणी दिली ते त्यांना सांगू लागले.